देऊळ कोणत्या काळातलं, हे ओळखायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागर, द्राविड, वेसर, इंडो-इस्लामिक ही नावं आणि राजघराण्यांचा क्रम पाठ झाला आहे, तरी प्रत्यक्ष देवळासमोर उभं राहिलं की काही उमगत नाही. तुमच्या गावच्या महादेवाच्या देवळाला कोणी पांडवकालीन म्हणतं, कोणी हेमाडपंती. गाभाऱ्याच्या दारावर बारीक नक्षी आहे, सभामंडपाला कमानी आहेत, शिखर विटांचं आहे आणि पुढच्या वर्षी जीर्णोद्धार ठरला आहे. मग हे देऊळ नेमकं कोणत्या शैलीचं?

गेली सव्वीस वर्षं जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचं काम करतो आहे. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक गावात विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची अडचण स्मरणशक्तीची नाही. एका इमारतीला एकच शैली असते आणि ती शैली म्हणजे राजघराण्याचा शिक्का, असं गृहीत धरल्यामुळे सगळं अडतं. हे गृहीतक आलं कुठून, तेही बघण्यासारखं आहे. 19व्या शतकात जेम्स फर्ग्युसनसारख्या अभ्यासकांनी भारतीय वास्तूंची मांडणी मुख्यतः धर्म आणि वंश यांवरून केली. नागर, द्राविड, वेसर (ढोबळमानाने उत्तरेकडची, दक्षिणेकडची आणि दोन्हींच्या मिश्रणाची पद्धत) ही नावं मात्र आपल्या शिल्पशास्त्रातली. ती प्रामुख्याने देवळाच्या आकाराबद्दल आणि प्रदेशाबद्दल बोलतात. पाठ्यपुस्तकांनी ही दोन वेगळी मोजमापं एकाच तक्त्यात बसवली आणि त्याला घराण्यांची नावं जोडली. असा तक्ता हातात घेऊन देवळासमोर उभं राहिलं तर गोंधळ होणारच.

मी कुठल्याही जुन्या वास्तूत शिरलो की आधी एकच गोष्ट बघतो. दोन आधारांमधली मोकळी जागा वरून कशी झाकली आहे? आडवी तुळई टाकून, एकेक थर पुढे काढत नेऊन, की कमान वळवून? आणि ती कशात, लाकडात, दगडात की विटा-चुन्यात? याचं उत्तर मिळालं की अर्धी कालगणना तिथेच होते. नक्षी मी नंतर बघतो, घराणं सगळ्यात शेवटी.

सुरुवात लाकडापासून करावी लागते, जरी ते लाकूड आज उरलेलं नसलं तरी. भाज्याच्या चैत्यगृहात, म्हणजे कातळात कोरलेल्या बौद्ध प्रार्थनागृहात, गेलात तर खांब किंचित आत कललेले दिसतील. ते ई.स.पू. 2ऱ्या शतकातलं काम आहे. कातळात कोरलेल्या खांबाला कलण्याची काहीच गरज नाही, डोंगर आपल्या जागी उभाच आहे. पण लाकडी मंडपात अर्धवर्तुळाकार छपराचा रेटा बाहेरच्या बाजूला येतो, तो पेलायला खांब आत कलते ठेवतात. सुताराची ही सवय पाथरवटाने जशीच्या तशी दगडात उतरवली. कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे 124 फूट लांब आहे आणि त्याच्या छताला आजही सागवानी फासळ्या आहेत. त्या काही पेलत नाहीत. चैत्य म्हटला की छताला फासळ्या हव्यातच, अशी तेव्हाची नजर होती. तिथल्या एका शिलालेखात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचं लिहून ठेवलं आहे. मी पहिल्यांदा तो लेख वाचला तेव्हा मान वर करून छताकडे बघितलं आणि मला त्याचं म्हणणं पटलं. सांचीच्या स्तूपाभोवतीचा दगडी कठडा बघा. त्याचे सांधे खाच आणि कुसू यांचे, म्हणजे थेट सुतारकामाचे आहेत. दक्षिण तोरणावरच्या लेखात तर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी तिथलं कोरीवकाम केल्याचं नमूद आहे. म्हणजे दगडाचा इतिहास सुरू झाला तेव्हा हात सुताराचे आणि हस्तिदंत-कारागिराचे होते. कोणता राजा होता, याने त्या सांध्यात काही फरक पडत नाही.

दगड रचून देऊळ बांधणं हा पुढचा टप्पा. सांचीचं 17 क्रमांकाचं गुप्तकालीन देऊळ म्हणजे एक चौकोनी खोली, पुढे चार खांबांची ओसरी आणि वर सपाट छप्पर. त्यात सगळं आहे, फक्त उंची नाही. उंची मिळवायला शिखर आलं. देवगडच्या दशावतार मंदिरात, साधारण 6व्या शतकाच्या सुरुवातीला, त्याची चाहूल लागते. इथून पुढची काही शतकं आपल्या कारागिरांनी एकाच कोड्यावर घालवली: चुना न वापरता, दगडावर दगड ठेवून, वर निमुळतं होत जाणारं शिखर कसं उभं करायचं. उत्तर भारताने वळणदार रेषेचं आणि माथ्यावर आमलक (आवळ्यासारखी पैलूदार गोल चकती) असलेलं उत्तर काढलं, ते नागर; दक्षिणेने मजल्यामजल्यांचं, ते द्राविड.

इथे कर्नाटकातल्या पट्टदकलला एकदा जाऊन याच. घराण्यांचा तक्ता तिथे मनातून आपोआप गळून पडतो. चालुक्यांच्या त्या एका गावात, हाकेच्या अंतरावर, नागर शिखराची आणि द्राविड विमानाची (गाभाऱ्यावरच्या मजलेदार मनोऱ्याची) देवळं शेजारीशेजारी उभी आहेत. विरूपाक्ष मंदिर 8व्या शतकात राणी लोकमहादेवीने बांधवलं, तिचा नवरा दुसरा विक्रमादित्य याने कांचीवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून. ते द्राविड पद्धतीचं आहे. त्याचा सूत्रधार, म्हणजे मुख्य स्थपती, गुंड अनिवारिताचारी याचं नाव लेखात कोरलेलं आहे. आता सांगा, 'चालुक्य शैली' म्हणजे यातली कोणती? राजा एकच, गाव एकच, पद्धती दोन. कारागिरांचे गट वेगवेगळे होते आणि बांधवून घेणाऱ्याची निवड वेगळी होती. वेरूळचं कैलास लेणं 8व्या शतकातल्या राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळातलं, पण त्याचं रूप विरूपाक्षाच्या जवळचं आहे. ते वरून खाली कोरत आणलं असल्याने त्यात काहीच पेलायचं नव्हतं. तरीही खांब आणि तुळया काळजीने कोरल्या आहेत, भाज्याच्या कललेल्या खांबांसारख्याच.

दगडाचा स्वभाव हा भाग पुस्तकात फार कमी येतो, आणि मला तर तोच सर्वात महत्त्वाचा वाटतो. तंजावरचं बृहदीश्वर 1010 साली पुरं झालं ते ग्रॅनाइटमध्ये. ग्रॅनाइट सहज कोरला जात नाही, म्हणून तिथे प्रभाव पडतो तो प्रचंड उंचीचा आणि सरळ रेषांचा. बेलूरचं होयसळ मंदिर 1117 सालचं. त्याचा दगड खाणीतून काढल्यावर मऊ असतो आणि हवेत राहून हळूहळू कठीण होत जातो. म्हणून तिथल्या मूर्तींच्या गळ्यातले हार सुटे कोरता आले. आपल्याकडे काळा बेसाल्ट. तो टणक आणि ठिसूळ, त्यात होयसळांसारखी सुटी कलाकुसर अवघड जाते. मग आपल्या कारागिरांनी भिंतीलाच घड्या घातल्या. देवळाचा पाया तारकेसारखा, पुढे-मागे वळणारा, आणि त्या प्रत्येक कोनावर ऊन-सावलीची उभी रेघ. सिन्नरच्या गोंदेश्वराला सकाळी आठच्या सुमारास जा, म्हणजे मी काय म्हणतो ते डोळ्यांना दिसेल. दुपारी बारा वाजता तेच देऊळ सपाट वाटतं.

आता हेमाडपंतीकडे येऊ. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या दरबारातला मंत्री, म्हणजे 13व्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथचं शिवमंदिर लोकांच्या तोंडी सर्रास हेमाडपंती असतं. त्यावरचा लेख शक 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा, शिलाहारांच्या काळातला. हेमाद्रीच्या आधी तब्बल दोनशे वर्षं. चुन्याशिवाय काळे दगड एकमेकांत बसवलेले दिसले की आपण हेमाडपंती म्हणतो. पण ती बांधणीची पद्धत आहे. ती त्याच्या आधी कित्येक शतकं होती आणि त्याने ती शोधली नाही. अंबरनाथ आणि गोंदेश्वर यांच्या शिखराला भूमिज म्हणतात. चार दिशांना वरपर्यंत चढत जाणाऱ्या चार पट्ट्या, त्यांना लता म्हणतात, आणि मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा, वर जाताना लहान होत जाणाऱ्या. अंबरनाथच्या शिखराचा वरचा भाग आज नाही, म्हणून हे गोंदेश्वराला जास्त नीट कळतं. मध्य प्रदेशातल्या उदयपूरचं उदयेश्वर 11व्या शतकातल्या परमारांचं, तेही याच जातीचं. पांडवकालीन हा शब्द तर फार जुनं, एवढ्याच अर्थाने घ्यावा. नाशिकची पांडवलेणी पांडवांनी कोरलेली नाहीत, तिथे सातवाहन आणि क्षत्रपांचे लेख आहेत. गावातल्या माणसांना मी हे सांगतो तेव्हा त्यांचा मान राखून सांगतो. पिढ्यान् पिढ्या त्यांनीच ते देऊळ झाडून-पुसून जपलं आहे.

कमानीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. 'मुसलमान आले आणि कमान आली' हे वाक्य अर्धवट खरं आहे. कानपूरजवळ भीतरगावला 5व्या शतकाच्या आसपासचं विटांचं देऊळ आहे, त्यात खरी कमान वापरलेली आहे. म्हणजे तंत्र माहीत होतं, पण दगडाच्या कामात त्याला पसंती नव्हती. कारण सांगतो. तुळईचं वजन सरळ खाली जातं. कमान मात्र दोन्ही बाजूंना सतत रेटा देते. तो रेटा अडवायला जाड भिंत किंवा दुसरी कमान लागते, आणि दगड घट्ट धरून ठेवणारा चांगला चुना लागतो. चुन्यात बांधण्याची सवय 13व्या शतकानंतर पसरली, तसतशी कमान आणि घुमट परवडू लागले. अनगड दगडांची भिंत चुन्यात झपाट्याने उभी राहते, प्रत्येक दगड घडवत बसावा लागत नाही. माझ्या मते हा बदल कमानीच्या आकारापेक्षा मोठा आहे.

दिल्लीत हे संक्रमण अगदी उघड दिसतं. कुतुबमिनारच्या शेजारी मशिदीपुढची कमानींची भिंत 1190 च्या दशकाच्या अखेरची. बाहेरून आकार टोकदार कमानीचा, पण दगडांचे थर निरखून बघा: ते आडवे आहेत, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे काढलेला. कारागीर इथलेच होते. त्यांना हवा तो आकार सांगितला गेला आणि त्यांनी तो आपल्याला येत असलेल्या रीतीने काढून दिला. पाचराच्या आकाराचे दगड वळवून केलेली खरी कमान दिल्लीत बल्बनाच्या कबरीवर दिसते, 13व्या शतकाच्या शेवटी. 1311 च्या अलाई दरवाज्यात तीच रीत पूर्ण आत्मविश्वासाने वापरलेली आहे. शे-सव्वाशे वर्षांत हातांनी नवी रीत शिकली. तिथून विजापूरच्या गोलघुमटापर्यंत आलात की थक्क व्हायला होतं. मुहम्मद आदिलशहा 1656 मध्ये वारला, ही त्याची कबर. एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींवर, आतून सुमारे 124 फूट रुंदीचा घुमट, मध्ये एकही खांब नाही. घुमटाचा बाहेरचा रेटा त्या छेदणाऱ्या कमानींचं वजनच आत ढकलून आवरतं.

उलटा प्रवासही झाला. फत्तेपूर सिक्रीत अकबराच्या कारागिरांनी लाल वालुकाश्म अक्षरशः लाकडासारखा वापरला: खांब, तुळया, कंस, पुढे आलेले छज्जे. म्हणून 'हिंदू म्हणजे तुळई, मुस्लिम म्हणजे कमान' ही फूटपट्टी मी वापरत नाही. कामाची वेळ आली की ती हमखास चुकते.

मराठा काळ तुमच्या देवळाच्या दृष्टीने कळीचा आहे. 17व्या आणि 18व्या शतकात आपल्याकडे बांधणाऱ्यांच्या हातात दोन्ही वारसे होते. वाड्यात लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, विटा, चुना, सुरूदार (सुरूच्या झाडासारखे निमुळते) खांब आणि त्यांच्यामध्ये महिरप. सुरूदार खांब आणि महिरप मुघलांकडून आले, खणांचं, म्हणजे दोन खांबांमधल्या गाळ्याचं, माप मात्र आपलं. शनिवारवाडा 1732 मध्ये उभा राहिला आणि 1828 च्या आगीत गेला. आज जोती आणि तट उरलेत, यावरूनच वर किती लाकूड होतं ते कळतं. देवळांत गाभारा दगडी, पण शिखर पुष्कळदा विटांचं, वरून चुनेगच्ची, त्यात कोनाडे आणि कोनाड्यांत चुन्याच्या मूर्ती. मंडपावर घुमट, दाराला महिरप. अहिल्याबाई होळकरांनी बांधवलेल्या घृष्णेश्वराच्या शिखराकडे बघा. खालचा भाग तांबूस दगडाचा, वरचा विटा-चुन्याचा. जुन्या शिखराची आठवण ठेवून नव्या साहित्यात केलेलं ते काम आहे, आणि मला ते फार जवळचं वाटतं.

इंग्रजी अमदानीबद्दल थोडक्यात. मुंबईचं व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, फ्रेडरिक स्टीव्हन्सचं, त्याचं बांधकाम 1878 ला सुरू झालं. जॉर्ज विटेटचा गेटवे ऑफ इंडिया 1924 ला खुला झाला. त्याच्या नक्षीत गुजरातचं सुलतानी काम दिसतं, पण बांधणीत प्रबलित काँक्रीटही आहे. लोखंड आणि काँक्रीट आल्यावर शैली आणि बांधणी यांची फारकत झाली. शैली वरून नेसवता येऊ लागली. त्यामुळे मी सांगितलेली ओळखण्याची रीत साधारण 1850 नंतरच्या इमारतींना तितकी लागू पडत नाही, तिथे कागदपत्रं बघावी लागतात.

ही रीत कुठे फसते, तेही सांगायला हवं. जुना दगड पुन्हा वापरलेला असतो. एका तालुक्याच्या गावी मी मंडपाचे खांब बघून तो 13व्या शतकातला ठरवला होता. काम सुरू झाल्यावर खांबांखालची फरशी निघाली, तेव्हा दिसलं की प्रत्येक खांबाखाली वेगवेगळ्या उंचीचा दगडी तुकडा घालून माप जुळवलं आहे. मागच्या भिंतीत तर एक मूर्ती उलटी बसवलेली होती. खांब 13व्या शतकातले खरे, पण पडलेल्या दुसऱ्या देवळातून आणलेले. मंडप उभा राहिला 18व्या शतकात. माझी चूक दुरुस्त करायला मला अहवाल पुन्हा लिहावा लागला. तेव्हापासून खांबाचं तळ आणि माथा मोजल्याशिवाय मी तारीख सांगत नाही. शिवाय आडगावच्या कारागिरांनी जुनी रीत राजधानीपेक्षा शंभर-दीडशे वर्षं जास्त चालवलेली असू शकते. लेख नसेल तर शतक सांगावं, साल सांगू नये.

तर तुमचं देऊळ. न बघता लिहितो आहे, त्यामुळे हा अंदाजच समजा. गाभाऱ्याच्या दाराभोवती नक्षीच्या उभ्या पट्ट्या एकात एक अशा तीन किंवा पाच असतील, खालच्या बाजूला द्वारपाल किंवा नदीदेवता असतील, भिंतीच्या दगडांत चुना नसेल, तर गाभारा 11व्या ते 13व्या शतकातला असण्याची शक्यता मोठी. कमानींचा सभामंडप त्याच्या नंतरचा. कमान महिरपीची, पाकळ्यांची असेल तर मराठा काळ. साधी टोकदार असेल तर त्याआधीचाही असू शकतो. विटांचं शिखर बहुधा 18व्या शतकातलं किंवा पुढचं, मूळ दगडी शिखर पडल्यावर बांधलेलं. म्हणजे पांडवकालीन नाही, हेमाद्रीचंही नाही. तीन वेगवेगळ्या काळांतल्या लोकांनी एकाच जागी केलेलं काम आहे.

शिखरापासून सुरुवात करू नका, कारण सगळ्यात आधी पडतं ते शिखर आणि सगळ्यात जास्त वेळा नव्याने होतं तेही शिखरच. जोत्यापासून वर बघत जा. बाहेरून एक प्रदक्षिणा घाला आणि दगडाचा रंग, थरांची उंची किंवा सांध्यांची रुंदी जिथे अचानक बदलते, तिथे खडूने नाही, वहीत खूण करा. ती रेघ म्हणजे दोन काळांमधली सीमा. मग आत जा आणि मान वर करा. मंडपाच्या छतात चौकोनाचे कोपरे तिरक्या दगडांनी कापत लहान चौकोन केलेले असतील तर ते छत जुनं. घुमटाची आतली बाजू चुन्याने गुळगुळीत असेल तर नंतरचं.

जीर्णोद्धाराबद्दल मात्र मी कळकळीने सांगतो. दारावर ऑइलपेंटचे थर असतील तर ते काढायला वाळूचा फवारा मारू देऊ नका. मी असे चौकटीचे दगड पाहिले आहेत ज्यांच्यावरचे चेहरे एका दुपारीत पुसले गेले. रंग मऊ ब्रशने आणि योग्य रसायनाने, हळूहळू निघतो. त्याखाली लेख असू शकतो. ललाटपट्टी (दाराच्या वरचा आडवा दगड), उंबरठ्याजवळचे दगड आणि खांबांचे चौकोनी भाग नीट तपासून घ्या. चुन्याच्या शिखराला सिमेंटचा गिलावा देऊ नका. चुना ओलावा आत घेतो आणि बाहेर सोडतो. सिमेंट तो आतच अडकवतं आणि काही पावसाळ्यांत विटा भुसभुशीत होतात. आवारात वीरगळ, सतीशिळा (वीरांच्या आणि सतींच्या स्मारकशिळा) किंवा सुटे कोरीव दगड पडलेले असतील तर ते फरशी घालताना भरावात जाऊ देऊ नका. काम सुरू होण्याआधी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे चौकशी करा. देऊळ संरक्षित यादीत असेल तर परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आणि नसलं तरी सल्ला जरूर मागा.

जमल्यास चार फोटो काढून ठेवा: जोत्याचा एक कोपरा, गाभाऱ्याची पूर्ण दारचौकट, मंडपाचं छत खालून सरळ वर, आणि शिखर जिथे भिंतीला टेकतं तो सांधा. फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा आणि शेजारी मोजपट्टी धरा. एवढं मिळालं तर अंदाजापेक्षा नक्की काहीतरी सांगता येईल, आणि समितीपुढे ठेवायला तुमच्याकडेही काही पुरावा राहील.